नोकरीचा दावा गैरहजेरीत काढून टाकला, तर 30 दिवसांत काय करावे

थकीत पगार, नोटीस पे (नोटिशीच्या काळाचा पगार) किंवा बेकायदा बडतर्फीची भरपाई मागणारा दावा दिवाणी न्यायालयात रेंगाळत राहतो. माणूस दुसरीकडे नोकरी धरतो, गाव बदलतो, तारखांकडे लक्ष राहत नाही आणि एक दिवस कळते की दावा काढून टाकला. तो परत दाखल करून घेता येतो, पण मुदत 30 दिवसांचीच आहे.

आधी रोजनामा (न्यायालयातल्या तारखांच्या कामकाजाची नोंद) वाचा

ई-कोर्ट्स सर्व्हिसेस ॲपमध्ये दाव्याचा सीएनआर क्रमांक (अक्षरे आणि अंक मिळून 16) टाकला की तारीखवार कामकाज दिसते. दावा कोणत्या नियमाखाली काढला, यावर पुढचे सगळे ठरते.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 9 (‘आदेश’ म्हणजे संहितेतले प्रकरण) मधला नियम 2 लागतो तो समन्सचा खर्च भरला नाही म्हणून. नियम 3 म्हणजे पुकाऱ्याला तुम्ही आणि कंपनी दोघेही गैरहजर. या दोन्हींत तोच दावा पुन्हा दाखल करून घेण्याचा अर्ज करता येतो किंवा नवा दावाही लावता येतो. मात्र पगाराच्या दाव्याची मुदत पगार देय झाल्यापासून 3 वर्षे असते आणि तोवर ती बहुधा उलटून गेलेली असते. म्हणून अर्जच करा.

नियम 8 म्हणजे कंपनीचा वकील हजर, तुमच्याकडून कोणीच नाही. इथे त्याच कारणावर नवा दावा लावायला बंदी आहे. नियम 9 खालचा अर्ज हाच रस्ता.

आदेश 17 नियम 3 दिसला तर प्रकरण वेगळे. पुरावा द्यायला मुदत घेऊनही तो दिला नाही म्हणून न्यायालयाने गुणदोषावरच (म्हणजे मूळ वादावर) निकाल दिलेला असतो. तिथे अपील करावे लागते, जिल्हा न्यायालयात 30 दिवसांत. हे न पाहता नियम 9 चा अर्ज टाकला, तर तो चालेपर्यंत अपिलाची मुदत निघून जाते.

दिवस मोजा

दावा काढल्याचा दिवस सोडून मोजायला सुरुवात करा. तिसावा दिवस सुट्टीचा असेल, तर न्यायालय उघडेल त्या दिवशी अर्ज चालतो. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस या अर्जाच्या मुदतीतून वजा होत नाहीत, त्यामुळे नकलेची वाट पाहत बसू नका.

अर्जात काय लिहावे

अर्ज पडतो तो कारण मोघम असते म्हणून. ‘प्रकृती ठीक नव्हती’ एवढ्याने भागत नाही. ‘दि. 4 ते 9 जुलै रुग्णालयात दाखल होतो, सुनावणी 7 जुलैला होती, डिस्चार्ज कार्ड सोबत जोडले आहे’ असे लिहा आणि त्यावर स्वतःचे शपथपत्र द्या. मागच्या तारखांना हजर होता, तेही रोजनाम्यावरून दाखवा.

वकील आलेच नाहीत, हे कारण ग्राह्य धरले जाऊ शकते. वकिलाच्या चुकीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला नको, असे सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्ये रफिक विरुद्ध मुन्शीलाल प्रकरणात म्हटले आहे. तरी तुम्ही स्वतः काय पाठपुरावा केला, हे विचारले जातेच. वकिलाला तारीख विचारल्याचे मेसेज जोडा. वकिलाने ‘नो इन्स्ट्रक्शन्स’ची पुरसीस (पक्षकाराकडून सूचना नाहीत, असे न्यायालयाला लेखी कळवणे) दिली असेल, तर ती तुम्हाला कळवली होती का, हे तपासा.

उशीर झाला असेल, तर मुदत कायद्याच्या कलम 5 खाली विलंबमाफीचा वेगळा अर्ज सोबत द्या आणि 30 दिवसांनंतरच्या विलंबाचा हिशेब मांडा.

नियम 9 च्या अर्जावर कंपनीला नोटीस जाते. अर्ज मंजूर करताना बहुधा कॉस्ट (खर्चाची रक्कम) बसते. ती ठरवलेल्या तारखेच्या आत भरा, नाहीतर हातात आलेला दावा पुन्हा जातो. नियम 9 चा अर्ज फेटाळला, तर आदेश 43 खाली अपील आहे.

दावा परत आल्यावर

समन्स न बजावता परत आले, तर 7 दिवसांत नवे समन्स मागावे लागते. न्यायालयाने वादाचे मुद्दे ठरवल्यावर सरतपासणीचे शपथपत्र (स्वतःची लेखी साक्ष) आधी तुम्हालाच द्यायचे असते, आणि सर्वांत जास्त जपायचे ते इथेच. सुनावणी सुरू असताना एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी (पुढच्या तारखा) देऊ नयेत, असे आदेश 17 सांगतो. अपवाद होतात, पण त्यांवर विसंबू नका. नेमणूकपत्र, पगारपत्रके, बँकेचा उतारा आणि बडतर्फीचे पत्र आधीच वकिलाकडे देऊन ठेवा.

पगार मागणाऱ्याचे निधन झाले, तर वारसांनी 90 दिवसांत नावे लावून घ्यावीत. ती लावली नाहीत तर दावा आपोआप संपतो आणि तो जिवंत करण्याच्या अर्जाला पुढे फक्त 60 दिवस मिळतात. घरच्यांना दावा क्रमांक आणि वकिलाचा फोन माहीत असायला हवा.