बाळ येशूच्या यात्रेला पोरं न्यायची तर आधी एवढं करा

फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा असते, भुसावळ-जळगावहून आपली पोरं, म्हातारी माणसं सगळीच निघतात, तिकिटं नि दशम्यांचं तर होऊनच जातं, पण पोरांना जपायची तयारी राहते म्हणून लिहितेय.

आधी सोबत कोण येतंय ते बघा. फादर असोत, सिस्टर असोत, युथ ग्रुपचा पोरगा असो नाहीतर दरवर्षी येणारे काका, लहान मुलासोबत एकट्याने कोणीच थांबायचं नाही, कायम दोन मोठी माणसं, मुली असतील तर त्यात एक बाई पाहिजेच. ते आपलेच आहेत असं म्हणून सोडू नका, मुलांना त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीतलाच निघतो. आईबापांची लेखी परवानगी, औषधं, नंबर एका वहीत. गळ्यातल्या कार्डावर पोराचं नाव नको, गर्दीत कोणीही वाचून हाक मारेल नि पोरगं मागे जाईल, फक्त दोन मोठ्यांचे नंबर टाका. झोपायला मुलं-मुली वेगळी, मोठ्यांची अंथरुणं वेगळी, आंघोळीच्या जागी मोबाईल न्यायचा नाही.

नंदुरबारकडची, सातपुड्यातली पोरं असतील तर पावरी किंवा भिलोरी बोलणारी एक बाई घ्याच घ्या. याबाबतीत मी अडूनच बसते, कारण मराठीत प्रार्थना धडाधड म्हणणारं पोरगं अंगाला कोणी हात लावला हे मात्र घरच्या बोलीतच सांगेल, आणि ती कळणारं कोणी नसेल तर गप्पच बसेल.

गतिमंद ताई, फिट येणारा दादा, ऐकू न येणारी आजी, यांना संडास-आंघोळीला कोण नेणार ते घरच्यांना आणि त्यांना स्वतःलाही विचारून ठरवा. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये काढलेल्या आणि २०२३ मध्ये सुधारलेल्या, चर्चमधल्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींच्या नियमांत अशी मोठी माणसंही येतात.

निघायच्या आधी मुलांना जवळ बसवून सांगा की कोणी गुपित ठेव म्हणालं तरी आम्हाला सांगायचं, कोणी रागावणार नाही. कन्फेशनमध्ये, म्हणजे पापाची कबुली देताना ऐकलेलं फादरना कोणालाच सांगता येत नाही, म्हणून बाहेर येऊन मोठ्या माणसाला सांगायचं, हे नक्की बोला.

आणि अंगाला हात लावल्याचं कोणी सांगितलंच तर नीट ऐकून घ्या, तेच तेच विचारू नका, ज्याचं नाव घेतलं त्याला समोर बोलावू नका, पोराचे शब्द जसेच्या तसे लिहा, कपडे धुऊ नका. पॅरिश कौन्सिलची (चर्चच्या समितीची) मीटिंग नंतर, आधी पोलीस. १८ वर्षांखालच्या मुलाचं असं काही कळलं की पोलिसांना कळवणं पॉक्सो २०१२ (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) च्या कलम १९ ने बंधनकारक आहे, नाही कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्याचं दडवलं तर वर्षापर्यंत. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर केस होत नाही, जबाब घरीही घेतात, घेणारा अधिकारी वर्दीत नसतो, रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही, हे आईबापांना सांगा, त्यांची भीती खरी असते. बिशप हाऊसलाही कळवायचंच, पण पोलिसांच्या बदल्यात नाही.

१०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) आणि ११२ (तातडीची मदत) हे नंबर गाडीत बसायच्या आधी प्रत्येक मोठ्याच्या मोबाईलमध्ये सेव्ह पाहिजेत, आणि ज्याच्या कानावर आलं त्यानेच फोन लावायचा.