कमाटीबागेत मुलांना देवमासा दाखवताना या चुका टाळा

कमाटीबागेच्या म्युझियममधला निळ्या देवमाशाचा सांगाडा बडोद्यात वाढलेल्या बहुतेकांनी पाहिलेला असतो. हा देवमासा १९४४ साली मही नदीच्या मुखाशी आला होता. उत्क्रांती शिकवायला आपल्या गावात याहून चांगली जागा नाही. म्हणूनच तिथे मुलांच्या कानावर चुकीचं काही पडू नये, असं मला मनापासून वाटतं.

पहिली गफलत पुढच्या वल्ह्यांची, म्हणजे हातांच्या जागी असलेल्या चपट्या परांची. ‘हे बघ, हातांचे अवशेष!’ असं सांगू नका. वल्हं पुरेपूर कामाचं आहे, वळायला आणि तोल सांभाळायला देवमासा तेच वापरतो. मुलाला हाडं बघायला लावा: खांद्याला एक, पुढे दोन, मग मनगटाची बारीक हाडं, मग बोटांच्या रांगा. आता त्याला स्वतःचा दंड, कोपर, मनगट चाचपू द्या. आराखडा तोच, काम वेगळं. पूर्वज एकच असल्याचा हा पुरावा आहे, पण हे अवशेषांग, म्हणजे मूळ काम सुटलेला पूर्वजांकडून आलेला अवयव, नव्हे.

अवशेषांग मागे असतं. मागच्या पायांच्या जागी देवमाशाला कमरेची दोन छोटी हाडं असतात, मांसात रुतलेली, कण्याला न जोडलेली. सांगाड्यात ती दिसली नाहीत, तर ‘नसतातच’ असं ठरवू नका. सांगाडा उभारताना ती बऱ्याचदा राहून जातात.

ही हाडं बिनकामाची आहेत, असंही सांगू नका. जननेंद्रियांचे स्नायू त्यांनाच जोडलेले असतात. आपल्या माकडहाडालाही स्नायू जोडलेले आहेत, आंत्रपुच्छात (अपेंडिक्समध्ये) रोगप्रतिकारक पेशी आहेत. मूळ काम सुटलं की अवयव अवशेषांग ठरतो, मग दुसरं काम उरलेलं असो वा नसो. परीक्षेत मुलांचे गुण नेमके इथेच जातात.

माकडहाड दाखवून ‘माणसाचं शेपूट वापरलं नाही म्हणून गळालं’ असं सांगणंही नको. जगताना शरीरात झालेला असा बदल पिल्लांत उतरत नाही. जर्मन जीवशास्त्रज्ञ ऑगस्ट वाइझमान यांनी उंदरांच्या कित्येक पिढ्यांच्या शेपट्या कापल्या, तरी पिल्लं पूर्ण शेपटीचीच जन्मली.

घरी आल्यावर मुलाला स्वतःच्या हातातलं अवशेषांगही दाखवा: अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट किंचित वाकवा. मनगटाच्या मधोमध एक कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, उठून दिसते. काहींना ती नसतेच. नसली तर घाबरू नका, पकडीत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. दुसरीकडची तुटलेली कंडरा दुरुस्त करायला सर्जन हीच काढून वापरतात.