लेकीचं वजन, आईबाबांचं स्वयंपाकघर

शनिवारी रात्री लेक पुण्याहून घरी येते आणि चपला काढायच्या आत ऐकते, "किती सुटलीस गं!" किंवा "अगदीच वाळलीस!" दोन्ही बंद करा. आत्या, काकूंना आधीच फोन करून सांगून ठेवा की तिच्या वजनावर कुणी बोलायचं नाही. लग्नाचं स्थळ आणि वजन एका वाक्यात तर आणूच नका. असं काही ऐकलं की मुली रात्रीचं जेवण सोडतात, आठवडाभर निभतं, मग एके रात्री अकराला बिर्याणी मागवली जाते. "माझी काही मदत हवी का?" हे एकदाच विचारावं. नको म्हणाली तर तो विषय तिचा. घरचं स्वयंपाकघर मात्र तुमच्या हातात आहे.

खरंच वजन जास्त आहे की नुसतं तुमच्या डोळ्यांना दिसतंय, हेही बघा. भारतीयांसाठी बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) 23 च्या पुढे जादा वजन आणि 25 च्या पुढे लठ्ठपणा धरतात. 158 सेंमी उंचीला हे आकडे साधारण 57 आणि 62 किलो होतात. बाईच्या कमरेचा घेर 80 सेंमीच्या आत असावा. कमी करायचं ठरलं तर आठवड्याला अर्धा किलो पुरे. पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडाने पाळी अनियमित होण्याचा त्रास) असेल तर 80 किलोची मुलगी चार-पाच किलोंनी उतरली तरी पाळीत फरक पडू शकतो. हे माहीत असलं की "वीस किलो कमी कर" असं तोंडातून निघत नाही.

आपल्या घरांत सगळ्यात जास्त चुकतं ते प्रथिनांत. 60 किलोच्या बाईला दिवसाला साधारण 50 ग्रॅम लागतात; पोहे, चहा-खारी आणि वरणभातावर ते भागत नाहीत. हिशोब असा: सकाळी दोन अंडी (12), दुपारी दोन भाकऱ्या (10), 30 ग्रॅम कच्च्या मटकीची उसळ (7) आणि दीड वाटी दही (5), संध्याकाळी मूठभर फुटाणे (6), रात्री दोन पोळ्या (7) आणि वाटीभर घट्ट वरण (6). झाले 53. अंडी चालत नसतील तर 70 ग्रॅम पनीर. वरणात पाणी वाढवलं की वाटी तेवढीच दिसते, डाळ मात्र अर्धी झालेली असते.

मटकी आठ-दहा तास भिजवा, पाणी पूर्ण निथळून फडक्यात बांधा. उकाड्यात बारा तासांत मोड येतात, थंडीत चोवीस लागतात. पाणी राहिलं तर चिकट होऊन वास मारते. मोड आलेली मटकी कोरडी करून डब्यात भरून द्या, फ्रिजमध्ये तीन दिवस टिकते. तिच्या खोलीवर कुकर असेल तर एक शिट्टी, फोडणी, वरून लिंबू. लिंबामुळे लोह अंगी लागायला मदत होते. जेवणाला लागून चहा घेतला की ते कमी शोषलं जातं, म्हणून तासभर थांबायला सांगा.

चकलीचा डबा द्यायचाच असेल तर छोटा द्या. "गुळाचा आहे, खा गं" म्हणून लाडू भरू नका, गूळ-साखरेच्या उष्मांकांत नावापुरताच फरक. तेल बुधल्यातून कढईत ओतण्याऐवजी चमच्याने मोजा: माणशी दिवसाला सगळं मिळून पाच-सहा चहाचे चमचे. रविवारभर तळण आणि सोमवारी सकाळी "डाएट कर हं" हा आपला आवडता विनोद आहे. संकष्टीला साबुदाण्याऐवजी भगर आणि दाण्याची आमटी करा; साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट.

लग्न झालेल्या लेकीची गोष्ट वेगळी. तेल तिच्या हातात नसतं, जेवायला ती शेवटी बसते आणि उरलंसुरलं संपवते. तिला आहाराचा तक्ता पाठवून उपयोग नाही. भाजलेले चणे, शेंगदाणे तिच्या पर्समध्ये राहतील असे द्या आणि जावयालाच सांगा, "दोघं एकदम जेवायला बसत जा."

पाळी तीन महिने आली नाही, खाणं न बदलता वजन झपाट्याने वाढलं किंवा घटलं, सतत दमल्यासारखं वाटतं, तर डॉक्टर आधी. ते बहुधा हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-12 तपासायला सांगतील. थायरॉइडचा दोष असताना भाकऱ्या मोजत बसण्यात अर्थ नाही.

जेवण झाल्याबरोबर ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडते (उलटीचा आवाज दबावा म्हणून असू शकतं), सगळ्यांबरोबर जेवणं टाळते, दिवसातून चार वेळा काट्यावर उभी राहते, असं दिसलं तर वजनाचा विषय तिथेच थांबवा आणि काटा माळ्यावर टाका. रागावू नका, पाळत ठेवू नका. "तू त्रासात दिसतेस, आपण कुणाशी तरी बोलू" एवढं म्हणा आणि मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्या. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.