घटस्फोटानंतर मुलाचा अभ्यास सुटलाय? आम्ही केल्या त्या चुका टाळा

बहीण घटस्फोटानंतर मुलाला घेऊन धुळ्याहून अमळनेरला माहेरी आली तेव्हा भाचा नववीत होता, वर्ष निम्मं सरलेलं. दहावीच्या दिवाळीपर्यंत घरात एकच पालुपद होतं, 'हा पुस्तकाला हात लावत नाही.' आता ओळखीतल्या दोन घरांत तेच ऐकतोय, म्हणून आमच्या चुका लिहून काढतोय.

मार्कांवरून आई-बापाचा निवाडा करू नका

सगळ्यात महागात पडलं ते माझ्या आईचं एक वाक्य. चाचणीचे मार्क बघून ती म्हणाली, "हाऊ पोऱ्या बापनामायकच शे." (म्हणजे, हा पोरगा बापासारखाच आहे.) म्हटलं चेष्टेतच, पण त्यानंतर पोराने पेपर दाखवणं बंद केलं. मीही कमी नव्हतो. एकदा बरे मार्क पडले तर म्हणालो, "बघ, बाप नसला तरी काही अडत नाही." ते कौतुक त्याला मुळीच झेपलं नाही. त्याचा बाप होताच की, धुळ्यात.

आळशी म्हणण्याआधी शेजारी बसा

तो तासभर एकच पान उघडून बसायचा आणि मी ओरडायचो. एका संध्याकाळी शेवटी खुर्ची ओढून बाजूला बसलो. वर्गसमीकरण होतं. म्हटलं, गुणाकार बारा आणि बेरीज सात येईल अशा दोन संख्या सांग. तो गप्प. बरं, हे असं अवयव पाडणं आठवीतच सुरू होतं. त्याची आठवी म्हणजे घरात रोज रात्री भांडणं व्हायची ते वर्ष. आम्ही दहावीचं पुस्तक पुढ्यात आपटत होतो आणि गाडी दोन वर्षं मागेच थांबलेली होती.

तुमच्याकडेही असंच असेल तर भांडणं कोणत्या इयत्तेत शिगेला होती ते आठवा आणि त्या वर्षाचं पुस्तक काढा. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. आम्ही रोज वीस मिनिटं, तीनच गणितं धरली. चौथं त्याने मागितलं तरच. नवा क्लास लावून काही होणार नाही, तिथेही तो मागच्या बाकावर तसाच बसेल. (आमचे फीचे पैसे असेच गेले.)

रविवारचा सौदा करू नका

रविवारी तो वडिलांना भेटून संध्याकाळच्या एसटीने परतायचा. दारातच आमची चौकशी सुरू, 'काय म्हणत होते? कोण होतं घरी?' सोमवारी हमखास डोकं दुखायचं. वर धमकी, 'अभ्यास नाही तर धुळं बंद.' वडिलांची भेट हे बक्षीस नव्हे, शिक्षा तर नव्हेच. कोर्टाने भेटीचे दिवस ठरवून दिले असतील तर ते बंद करणारे आपण कोण? पुढे आम्ही रविवारी रात्री फक्त जेवायला वाढायचो आणि सोमवारी नकाशे, आकृत्या असलं हलकं काम ठेवायचो.

वर्गशिक्षकांना दोन वाक्यांत कल्पना द्या. तपशील नकोत. शाळेच्या ग्रुपवर नंबर कोणाचा आहे तेही बघा. आमच्याकडे तो वडिलांचाच होता, बहिणीला एक सूचना मिळत नव्हती.

'नापास झालो तर?'

हे तो उघड विचारत नाही, म्हणून आपणच सांगायचं. गणिताचे 40-40 गुणांचे दोन पेपर आणि 20 अंतर्गत, मिळून 35 लागतात. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीत जाता येतं, पुरवणी परीक्षाही असते. हा हिशोब त्याने वहीच्या मागच्या पानावर स्वतः मांडला आणि त्यानंतर बराच सैल झाला.

पण दोन आठवड्यांहून जास्त झोप-जेवण बिघडलं, मित्र तुटले किंवा 'मी नसतो तर बरं' अशी भाषा आली, तर विषय अभ्यासाचा राहत नाही. सरळ डॉक्टरकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, चोवीस तास लागतो.

जानेवारीत शेतात भरीत होतं. कापसाच्या काड्यांवर वांगी उलटताना तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मामा, निकालाच्या दिवशी पहिला फोन कोणाला लावू?" मला काही सुचलं नाही. बहिणीने ऐकलं होतं. रात्री तिने स्वतःच त्याच्या वडिलांना फोन लावला आणि निकाल तिघांनी एकाच कॉलवर बघायचा असं ठरवून टाकलं.