अनधिकृत बांधकामाची नोटीस लागलेला फ्लॅट भाड्याने द्यायला विकत घेताय? टोकन देण्याआधी हे बघा

फ्लॅट स्वस्तात मिळतोय, भाडेकरू आधीच बसलेला आहे, फक्त "महापालिकेची एक जुनी नोटीस आहे, होऊन जाईल रेग्युलर" असं एजंट म्हणतोय... तर टोकन राहू दे, आधी ती नोटीस मागा. झेरॉक्स चालेल, तोंडी नको. बहुतेकदा एमआरटीपीचं (राज्याचा नगररचना कायदा) कलम ५३ असतं, मुंबईत महापालिका कायद्याच्या कलम ३५१ ची पण निघते, आणि अनधिकृत नेमकं काय आहे ते त्यातच लिहिलेलं असतं, म्हणजे सगळा खेळ त्या दोन-चार ओळींचा.

मग आर्किटेक्ट पकडा (पालिकेत फायली टाकणारा, इंटिरिअरवाला नको), मंजूर नकाशा हातात घेऊन टेपने फ्लॅट मोजा. सेलर नकाशा देत नसेल तर पालिकेत आरटीआय टाका, फी १० रुपये, मुदत ३० दिवस. बाल्कनी आत घेतलीये वगैरे असेल तर एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं ती मर्यादा) शिल्लक असल्यास पैसे भरून नियमित होऊ शकतं, नाहीतर पूर्वीसारखं करून टाकायचं, तो खर्च किमतीतून सरळ कापा. पण पार्किंगमध्ये काढलेली खोली, आरक्षणाच्या (बाग, शाळा, रस्ता अशा कामासाठी राखलेल्या) जागेवरचं बांधकाम किंवा परवानगीपेक्षा वरचा अख्खा मजला असेल तर सोडून द्या, कितीही स्वस्त असू दे. मुंबईत वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमध्ये परवानगी पाच मजल्यांची आणि इमारती गेल्या त्याच्या कितीतरी वर, लोक वर्षानुवर्षं राहत होते तरी २०१३ ला सुप्रीम कोर्टात हरले.

"टॅक्स भरतोय की, पावती बघा" यावर तर अजिबात जाऊ नका, टॅक्स अनधिकृत बांधकामालाही लागतो, उलट बिलात शास्ती (अनधिकृत बांधकामाचा दंड) दिसली तर समजून जा. आणि रेरा नंबर (बिल्डरच्या प्रकल्पाची सरकारी नोंदणी) दाखवला तरी बांधकाम परवानगीचा नंबर पालिकेत जाऊन पडताळा, डोंबिवलीच्या ६५ बेकायदा इमारतींना रेरा नंबर खोट्या परवानग्यांवरच मिळालेले.

संपूर्ण बिल्डिंगलाच ओसी (पालिकेचा राहायला परवानगीचा दाखला) नसेल तर प्रकरण वेगळं, ते तुमच्या एकट्याच्या हातात नाही, सोसायटीचं काय चाललंय ते सेक्रेटरीला विचारा. लोन काढणार असाल तर बँकेलाही आत्ताच विचारून ठेवा, डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बँकांनाही ओसी बघूनच कर्ज द्या असं सांगितलंय.

एवढं करूनही घ्यायचाच असेल तर नियमित करायचं काम सेलरकडून रजिस्ट्रेशनआधी करून घ्या, नाहीतर ठरलेली रक्कम काम होईपर्यंत अडवून ठेवायची आणि ते अग्रीमेंटमध्ये लिहायचं. नुसत्या हमीपत्रात दम नाही, कारण पाडायला माणसं येतील ती तुमच्या दारात, सेलर तोवर फोन उचलणार नाही.

भाड्याचा हिशोबही नीट लावा. सध्याचं लीव्ह अँड लायसन्स (भाडेकरार) रजिस्टर्ड आहे का बघा, भाडेकरूचं डिपॉझिट सेलरकडून स्वतःकडे घ्या, आणि तोडफोडीत भाडेकरू निघून गेला तर सहा महिने भाड्याशिवाय ईएमआय झेपतो का ते आधी वहीत मांडा.