शाळेत मारामारी झाली? शाळा आणि पालक, दोघांनीही या चुका टाळा

मुलांच्या मारामारीची हकिगत शाळेत आणि घरी कधीच सारखी पोहोचत नाही. शिक्षक धावत येतात तोवर शेवटची ढकलाढकली तेवढी उरलेली असते, म्हणून शाळेला तेवढीच दिसते. घरी पोहोचतं ते मुलाने सांगितलेलं, आणि त्यात त्याच्या स्वतःच्या हातांचा उल्लेख सहसा नसतो. अर्धी माहिती इकडे, अर्धी तिकडे. ती एकत्र यायच्या आधीच निकाल लागतो. शाळा म्हणते, 'तुमचा मुलगा फार दांडगाई करतो.' पालक म्हणतात, 'तुमचं लक्ष कुठे असतं?' मग मोठ्यांचं भांडण सुरू होतं आणि मुलं राहतात बाजूला. खालच्या चुकांपैकी बहुतेक या घाईतूनच होतात.

'सुरुवात कोणी केली?'

ऑफिसात टेबलासमोर दोघं शेजारी शेजारी उभे. एकाच्या शर्टाचं बटण तुटलंय, दुसऱ्याच्या गालावर ओरखडा. 'कोणी सुरू केलं?' 'यानेच.' 'नाही सर, आधी त्याने माझं...' मग वर्गातून साक्षीदार बोलावले जातात आणि ज्याची जीभ चुरूचुरू चालते तो सुटतो.

या प्रश्नाला खरं उत्तर मिळत नाही, कारण दोघं वेगवेगळ्या ठिकाणाहून मोजत असतात. एक आजच्या थपडेपासून मोजतो, दुसरा काल लपवलेल्या कंपासपेटीपासून. दोघांनाही आपण खरंच बोलतोय असं वाटतं. त्यापेक्षा दोघांना वेगवेगळं बसवा, पाणी द्या, श्वास खाली बसू द्या आणि मग विचारा: त्याच्या आधी काय चाललं होतं? तुम्ही नेमके कुठे होतात? आजूबाजूला कोण होतं? असं आधीही झालंय का? उत्तरं मुलाच्याच शब्दांत लिहून ठेवा. 'उद्धट वर्तन केले' असला शेरा पुढच्या वेळी कोणाच्याच कामाला येत नाही.

घरी वेगळंच घडतं. ओरखडा दिसला की आई-बाबांच्या तोंडून पहिलं निघतं, 'तू काय केलं होतंस त्याला?' झालं, मूल गप्प. आधी 'कुठे लागलंय, दाखव बघू' एवढंच म्हणा. बाकीचं तासाभराने विचारलं तरी बिघडत नाही. उलट तेव्हा जास्त कळतं.

उशिरा आणि अर्धवट कळवणं

ही शाळेकडून होणारी चूक, आणि माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी. किरकोळ आहे, उगाच बोभाटा नको, म्हणून घरी कळवलंच जात नाही. पण मार डोक्याला असेल तर त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो. पुन्हापुन्हा उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, नेहमीपेक्षा जास्त गुंगी, असंबद्ध बोलणं, तोल जाणं, झटके, नाकाकानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, यातलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल गाठायचं असतं. रात्री उलट्या सुरू झालेल्या मुलाच्या पालकांना दुपारी डोकं आपटल्याचं माहीतच नसेल, तर ते पोट बिघडलं समजून झोपवतील.

फोन कसा असावा? साधारण असा: 'नमस्कार, मी वर्गशिक्षिका बोलतेय. तो ठीक आहे, आत्ता माझ्याजवळच बसलाय. मधल्या सुट्टीत जिन्यावर ढकलाढकली झाली, त्यात कपाळ कठड्याला लागलं. थंड पाण्याची पट्टी ठेवलीय, उलटी वगैरे झालेली नाही. तुम्ही एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. नेमकं काय झालं ते दोघांशी वेगवेगळं बोलून बघतोय. उद्या अकरा वाजेपर्यंत तुम्हाला कळवते.'

आधी तब्येत, मग जागा, मग पुढच्या फोनची वेळ. दुसऱ्या मुलाचं नाव यात नाही आणि दोषही कोणावर ठेवलेला नाही. अकरा म्हटलं तर अकराला फोन जायलाच हवा, तपास पूर्ण झालेला नसला तरी. त्याच दिवशी दुसऱ्या मुलाच्या घरीही असाच फोन व्हायला हवा. तो बहुतेक वेळा राहून जातो आणि त्यांना बातमी भलत्याच तोंडून कळते.

पालकांची बाजूही सांगतो. फोनवर 'कोण आहे तो? नाव सांगा आधी' असं ओरडलात, तर पुढच्या वेळी शिक्षिका फोन करण्यापूर्वी दहादा विचार करतील. शाळा लपवते याचं एक कारण पालकांची ही पहिली प्रतिक्रियासुद्धा असते.

प्रत्येक वेळी 'चला, हात मिळवा'

दोन बरोबरीची मुलं खेळताना भिडली, तर हात मिळवून प्रश्न सुटू शकतो. पण तोच मुलगा त्याच मुलाला पुन्हापुन्हा मारत असेल आणि मार खाणारा अंगाने, वयाने किंवा मित्रांच्या संख्येने कमी पडत असेल, तर ती दादागिरी आहे. डॅन ओल्वेअस या संशोधकाने नेमक्या याच खुणा धरून ती ओळखायला शिकवलं: मुद्दाम केलेलं, वारंवार होणारं आणि ताकदीत असमान. १९८२ च्या अखेरीस नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्यावर १९८३ मध्ये तिथे देशभर मोहीम सुरू झाली, त्यामागे त्याचंच काम होतं.

अशा प्रकरणात दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवला की मार खाणारं मूल भीतीपोटी मान डोलावतं आणि दुसऱ्या दिवशी 'सरांना सांगितलंस ना?' म्हणून जास्त मार खातं. दादागिरीविरोधी कार्यक्रमांचा मोठा आढावा मारिया टोफी आणि डेव्हिड फॅरिंग्टन यांनी घेतला. त्यात मुलांनीच मुलांमध्ये मध्यस्थी करायची पद्धत उलटी पडताना दिसली. उपयोगी ठरलेल्या गोष्टींत पालकांच्या बैठका आणि मैदानावरची नीट देखरेख या दोन्ही होत्या. नीट राबवलेल्या कार्यक्रमांनी मिळून दादागिरी साधारण पाचव्या हिश्शाने कमी झाली. सगळी थांबली नाही, हेही ध्यानात ठेवावं.

'तू पण एक ठेवून दे'

हा सल्ला प्रेमापोटीच दिला जातो, आणि देणाऱ्या पालकांची चीड मला समजते. रोज मार खाऊन येणारं लेकरू बघून कोणाचंही रक्त उसळेल. पण मूल हा सल्ला कसा वापरतं ते बघा. ज्याची त्याला भीती वाटते त्याला ते मारत नाही, कारण तेवढा धीर असता तर सल्ल्याची गरजच नव्हती. ते मारतं आपल्यापेक्षा लहान कोणाला तरी, नाहीतर चुकून धक्का लागलेल्या शेजाऱ्याला. केनेथ डॉज यांच्या संशोधनात हेच वारंवार दिसलं: चटकन हात उगारणाऱ्या मुलांना समोरच्याची साधी चूकही मुद्दाम केलेली वाटते. घरून 'कोणाचं ऐकून घ्यायचं नाही' ही शिकवण मिळाली की हा संशय पक्का होतो.

मग शिकवायचं काय? 'दुर्लक्ष कर' हेही पुरत नाही. मार चुकवता येईल अशा हालचाली शिकवा: एक हात पुढे धरून मोठ्याने 'थांब, हात लावू नकोस' म्हणणं, भिंतीकडे न सरकता माणसं आहेत त्या बाजूला जाणं, आणि ठरलेल्या मोठ्या माणसाकडे जाऊन काय झालं ते एका वाक्यात सांगणं. घरात आरशासमोर चार-पाच वेळा म्हणून घ्या. वेळेवर आवाज फुटत नाही, तो सरावानेच फुटतो. हा ठरलेला मोठा माणूस कोण ते मात्र शाळेशी बोलूनच ठरवा. मूल धावत गेलं आणि तिथून 'चुगल्या करू नकोस' ऐकून परत आलं, तर ते पुन्हा कोणाकडेच जाणार नाही.

डायरीतला शेरा आणि घरातला मार

याविषयी शाळा आणि घर एकमेकांशी जवळजवळ बोलतच नाहीत. शिक्षक डायरीत लिहितात, 'आज वर्गमित्राला मारले. कृपया समज द्यावी.' काही घरांत समज म्हणजे पट्टा. ज्या मुलाला मारायचं नसतं हे शिकवायचं, त्याला त्या दिवशी एकच धडा मिळतो: मोठा झालो की मारता येतं. एलिझाबेथ गेरशॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये सुमारे १ लाख ६० हजार मुलांवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. मार खाणाऱ्या मुलांमध्ये आक्रमकपणा कमी नव्हे, जास्त आढळला. वर्गात छडी किंवा चापट चालत असेल तर शाळेलाही हेच लागू.

पुढचा परिणाम आणखी वाईट. मूल डायरी लपवतं, खोट्या सह्या करतं, आणि घर-शाळेतला एकमेव धागा तुटतो. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच, कोणाचंही भांडण झालेलं नसताना, पालकसभेत ठरवून टाका की मारामारी झाली तर शाळा काय करेल आणि घरी काय होईल. उदाहरणार्थ, शाळेत त्या दिवसाचा खेळ बंद आणि मोडलेल्या वस्तूची भरपाई मुलाच्या हातून. घरी त्याच गोष्टीची दुसरी शिक्षा नाही, फक्त बोलणं. शिक्षकांनी महिन्यातून एखादा फोन चांगल्या कारणासाठीही करावा. शाळेचा नंबर दिसला की घरात धस्स व्हायला नको.

ग्रुपवर टाकणं, गेटवर गाठणं

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलाचं नाव किंवा जखमेचा फोटो टाकू नका. दहा मिनिटांत तीस घरांत त्या मुलाची ओळख 'तो मारकुटा' अशी होते आणि उद्यापासून कोणी त्याला खेळायला घेत नाही. एकटं पडलेलं मूल जास्त मारतं. शाळा सुटल्यावर दुसऱ्याच्या मुलाला गेटवर गाठून दम देणं तर अजिबात नको. तुम्ही कितीही हळू बोललात तरी लहान मुलासाठी ती अनोळखी मोठ्या माणसाची धमकीच असते, आणि त्यानंतर शाळेला तुमच्याविरुद्धचीच तक्रार ऐकावी लागते.

फक्त मुलांकडे बघणं, जागेकडे नाही

मारामाऱ्या शाळाभर सारख्या विखुरलेल्या नसतात. स्वच्छतागृहाबाहेर, जिन्याच्या वळणावर, दोन तासांमधल्या पाच मिनिटांत, नळाच्या रांगेत, बसच्या मागच्या सीटवर त्या जास्त होतात. शाळेच्या आतलं शाळेला माहीत असतं, बस आणि परतीचा रस्ता पालकांना. शाळेचा साधा नकाशा कागदावर काढून त्यावर दोघांनी मिळून महिनाभराच्या घटनांच्या खुणा केल्या, की दोन-तीन ठिकाणी गर्दी दिसते. तिथे एक शिक्षक उभा राहिला किंवा दोन वर्गांच्या सुट्टीत पाच मिनिटांचं अंतर ठेवलं, तर जे होतं ते चार समुपदेशनांनी होत नाही.

बघ्यांचंही तसंच. कॅनडातल्या संशोधकांनी मैदानावर कॅमेरे लावून दादागिरीचे प्रसंग टिपले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ८८ टक्के प्रसंगांत इतर मुलं हजर होती, मध्ये पडली ती फक्त १९ टक्के प्रसंगांत. पण जेव्हा पडली, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा दहा सेकंदांत प्रकार थांबला. म्हणून घरी 'तू कोणाच्या भानगडीत पडू नकोस' सांगताना जरा थांबा. अंगावर जायचं नाही हे बरोबर, पण मोठ्यांना बोलवायला पळायचं, मार खाल्लेल्याला बाजूला न्यायचं आणि मोबाइल काढून शूट करायचं नाही, एवढं सांगता येतं.

थेट काढून टाकणं

हत्यार किंवा गंभीर इजा असेल तर तातडीने वेगळं करावंच लागतं. पण प्रत्येक गुद्द्यावर आठवडाभर घरी बसवणं निरुपयोगी आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अभ्यासगटाने २००८ मध्ये असल्या 'शून्य सहनशीलता' धोरणांनी शाळा अधिक सुरक्षित झाल्याचा पुरावा मिळत नसल्याचं म्हटलं. घरी बसलेलं मूल कोणाच्या देखरेखीखाली असतं, हेही शाळेने विचारलेलं बरं.

सगळं करूनही थांबत नसेल तर

आधी मारणाऱ्या मुलाचं कान, डोळे, झोप आणि अभ्यास तपासा. ज्याला नीट ऐकू येत नाही, वाचता येत नाही किंवा मनातलं शब्दांत सांगता येत नाही, ते मूल हातांनी बोलतं. त्याला कोणी दुसरं मारतंय का, घरी किंवा येता-जाता, तेही हळूच बघा. अगदी लहान वर्गांत धीर धरा. रिचर्ड ट्रेम्ब्ले यांच्या अभ्यासानुसार शारीरिक आक्रमकता दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सर्वाधिक असते आणि पुढे शिकून कमी होत जाते. तिसरीतही ती तशीच असेल तर समुपदेशक किंवा बालरोगतज्ज्ञांना दाखवायला उशीर करू नका.

दुसऱ्या मुलाचे पालक शाळेत यायलाच तयार नसतील, तर 'तक्रारीसाठी या' याऐवजी 'त्याच्याबद्दल तुम्हाला काय जाणवतं ते ऐकायचंय' असं बोलावून बघा, आणि त्यांच्या कामाच्या वेळा विचारून वेळ द्या. 'आमच्या शाळेत असं काही होत नाही' असं शाळाच म्हणत असेल, तर तोंडी बोलणं थांबवा. तारीख, वेळ, जागा, जखम, मुलाचे शब्द आणि तुम्ही काय मागता, एवढं एका पानावर लिहून द्या आणि पोच घ्या. आठ दिवसांत उत्तर नाही तर तेच पान व्यवस्थापनाकडे, तिथूनही नाही तर शिक्षण खात्याकडे. लैंगिक स्वरूपाचा प्रकार, हत्यार किंवा हाड मोडण्यासारखी इजा असेल तर या पायऱ्यांची वाट न बघता डॉक्टर आणि पोलीस.

आणि पुढच्या भेटीची तारीख पहिल्याच भेटीत ठरवा, साधारण दोन आठवड्यांनंतरची. त्या दिवशी दोन्ही मुलांना वेगवेगळं विचारायचं: त्यानंतर पुन्हा काही झालं का, सुट्टीत तू कुठे असतोस, कोणाबरोबर? 'नाही, काही नाही झालं' म्हणणारं मूल सुट्टीभर वर्गातच बसून राहत असेल, तर प्रकरण मिटलेलं नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.