पितळी पातेलं मोडीत घालण्याआधी

माळ्यावरून आजीच्या वेळचं पितळी पातेलं निघालं की लगेच मोडीत घालू नका. तळ शाबूत असेल तर बहुतेक वेळा त्याला फक्त कल्हई हवी असते. आतून पिवळा धातू दिसू लागला की कल्हई गेली. मग त्यात ताक, चिंच, कोकम घालून काही शिजवलं की पदार्थ कळकतो, पोटात गेला तर मळमळ, उलट्या होतात.

कल्हई समोर उभं राहून करून घ्या. भांडं तापवून, नवसागर मारून आतून कथील फिरवतात. शुद्ध कथीलच वापरायला सांगा, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. शिसं मिसळलेलं अजिबात नको. थर काठापर्यंत सलग, चांदीसारखा दिसला पाहिजे.

कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून रिकामं भांडं आचेवर ठेवायचं नाही. कडकडीत फोडणी वेगळ्या कढल्यात करून वरून ओतावी. चिंच-मीठ फक्त बाहेरून चोळा. आत तारेची घासणी लावू नका.

तळाला भोक पडलं असेल तर मात्र मोड बरी. दोन दुकानांत भाव विचारा, वजन डोळ्यांसमोर करून घ्या.